मुलाखतीचा शर्ट

बहुतेक मध्यमवर्गीय मराठी घरांत ‘मुलाखतीचा’ म्हणून एक शर्ट असतो. पांढरा किंवा अगदी फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा, कॉलर अजून ताठ. तो नेमका कोणाचा हे सांगता येत नाही. थोरल्याने तो बँकेच्या मुलाखतीला घातला, मग आतेभावाने विमा कंपनीच्या, मध्येच कोणाच्या तरी साखरपुड्यात ऐनवेळी कामी आला. सोबतीला काळी नाहीतर गडद निळी पँट, बुटांच्या रंगाचा पट्टा आणि आदल्या रात्री जुना पेपर अंथरून पालिश केलेले बूट. मुलींसाठी हेच काम एखादा ठेवणीतला सुती कुर्ता करतो. शाळेत नोकरीला जायचं तर आईची कडक इस्त्रीची साडी. नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. भडक नको, चुरगळलेलं नको, आणि समोरच्याला आपल्या कपड्यांविषयी काही वाटूच नये इतपत नीट हवं.

या शर्टाने आजवर पुष्कळ साहेब पाहिलेले असतात. कुत्र्यांचा त्याला अनुभव नसतो.

समजा, अशाच एका घरातल्या धाकटीला जनावरांच्या निवाऱ्यातून बोलावणं आलं आहे. पुण्याबाहेर, डांबरी रस्ता सोडून आत गेल्यावर पत्र्याच्या शेड, जाळीचे पिंजरे, गाडीखाली आलेली, लंगडणारी, खरूज झालेली कुत्री, दहा-बारा मांजरं, कोपऱ्यात एखादं गाढव आणि पाय मोडलेली गाय. काम म्हणजे खाणं घालणं, पिंजरे धुणं आणि औषधाच्या वेळी जनावर धरून ठेवणं. मुलाखत सकाळी दहाला. आदल्या रात्री कपाटासमोर जी चर्चा रंगते ती साधारण अशी:

“तो आकाशी कुर्ता घाल. आणि वर ओढणी.”

“आई, ओढणी कुत्रं ओढेल.”

“मग काय जीन्स घालून जाणार मुलाखतीला? काय म्हणतील?”

“कोण, कुत्री?”

आईचं म्हणणं खोटं नाही आणि मुलीचंही नाही. अडचण अशी की या मुलाखतीला परीक्षक दोन असतात. एक टेबलामागे बसतो, बायोडेटा चाळतो आणि इस्त्री बघतो. दुसरा जाळीमागे असतो. त्याला इस्त्रीतलं काही कळत नाही. पण उमेदवाराच्या घरी मांजर आहे का, तिने अंघोळीला कुठला साबण वापरला, येताना वाटेत वडापाव खाल्ला का, हे तो फाटकापाशीच ताडून बसलेला असतो.

घरातून निघताना माणसाचा शेवटचा हात जातो तो अत्तराच्या बाटलीकडे. कचेरीत हा शिष्टाचार झाला. जनावरांच्या जगात ती जरा जपून वापरायची वस्तू आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ साली चित्त्यांपुढे निरनिराळी २४ अत्तरं ठेवून पाहिली होती. एस्टी लॉडरच्या ‘ब्यूटिफुल’पाशी चित्ते सरासरी दोन सेकंद थांबले. कॅल्विन क्लाइनच्या ‘ऑब्सेशन फॉर मेन’पाशी मात्र अकरा मिनिटांहून जास्त वेळ रेंगाळले, अंग घासत बसले. जवादी मांजराच्या ग्रंथींतून मिळणाऱ्या द्रव्याची कृत्रिम नक्कल त्या अत्तरात आहे, तिचा हा प्रताप असावा असं मानतात. पुढे ग्वाटेमालाच्या जंगलात जग्वारांना कॅमेऱ्यासमोर आणण्यासाठी तेच वापरलं गेलं. मग २०१८च्या ऑक्टोबरात ते यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या रानात येऊन पोचलं. माणसं मारल्याचा ठपका असलेली टी-वन वाघीण, लोकांच्या तोंडी अवनी, काही केल्या सापडत नव्हती. तिला हुडकण्यासाठी वनखात्याने केलेल्या अनेक उपायांत हे महागडं अत्तरही होतं. २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीला बळी पडली. त्या प्रकरणावरचा वाद पुढे पुष्कळ काळ चालू राहिला, पण मॉलच्या काचेच्या कपाटातली ती बाटली विदर्भातल्या झुडपांवर फवारली गेली, हे चित्र काही डोक्यातून जात नाही.

निवाऱ्यात वाघ नसतात. पण वासाचा कारभार लहान जनावरांतही तोच. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेतल्या उंदरांजवळ पुरुष येऊन बसला की ते इतके ताणाखाली जातात की त्यांना दुखणंसुद्धा कमी जाणवतं. बाईमाणूस बसलं तर असं होत नाही. नुसता पुरुषाने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी परिणाम तोच. टी-शर्टात माणूस नव्हताच. उंदराच्या लेखी होता. (तिथे काम करणाऱ्या पुरुषांनी यावर काय करावं, हा प्रश्न संशोधकांनाही पडला असणार. थोडा वेळ शांत बसून राहावं, उंदीर सरावतात.)

कपडे, वास, नोकरी आणि जनावरं यांची सगळ्यात गमतीदार सरमिसळ टेंपल ग्रँडिन या अमेरिकी बाईंच्या आयुष्यात सापडते. जन्म १९४७चा, लहानपणापासून स्वमग्नता. रविवारी चर्चला जाताना घालावे लागणारे कडक, खरखरीत पेटीकोट त्यांना अंगावर सहन होत नसत. आठवडाभराच्या मऊ कपड्यांतून रविवारच्या कपड्यांत जाणं म्हणजे शिक्षाच. इतर मुली कुरकुरत आणि विसरून जात. यांची कातडी विसरत नसे. पुढे सत्तरच्या दशकात त्या अ‍ॅरिझोनातल्या गुरांच्या मोठमोठ्या गोठ्यांवर काम मागत फिरू लागल्या. त्या धंद्यात तेव्हा बायका जवळजवळ नव्हत्याच. अंगावर भरतकाम केलेला काउबॉय पद्धतीचा शर्ट, गळ्यात रुमाल. बोलणं तुटक, समोरच्याच्या डोळ्यांत बघणं जमत नसे. मग त्यांनी युक्ती काढली. स्वतःला पुढे करायचं नाही, काम पुढे करायचं. गुरं हाकण्याच्या वळणदार गल्ल्यांचे आपण काढलेले नकाशे त्या टेबलावर पसरत. नकाशे बघितल्यावर शर्टाकडे कोणी बघत नसे.

तरी एकदा बघावं लागलंच. एका वरिष्ठाने त्यांच्यासमोर टेबलावर डिओडरंट आणून ठेवलं आणि अंगाला वास येतो असं तोंडावर सांगितलं. कचेरीतल्या बायका त्यांना कपडे घ्यायला दुकानात घेऊन गेल्या. कोणी म्हणेल, केवढा हा अपमान. ग्रँडिनबाई मात्र पुढे ही गोष्ट कृतज्ञतेने सांगत आल्या आहेत. त्याने सांगितलं म्हणून कळलं, असं. पहिल्या परीक्षकाचे नियम त्यांनी असे एकेक करून, परक्या मुलखातल्या रीतीभाती शिकाव्यात तसे शिकून घेतले. दुसऱ्या परीक्षकाचे त्यांना आधीपासून ठाऊक होते.

गुरं पुढे का जात नाहीत, मध्येच का अडतात, हे कळण्यासाठी त्या स्वतः गुरांच्या गल्लीत वाकून चालत गेल्या. माणसाला जे दिसत नाही ते तिथे दिसलं. लोंबणारी साखळी. जमिनीवर पडलेली सावली. आणि कोणीतरी कुंपणावर टाकून ठेवलेला कोट. एवढ्यावर शंभर जनावरांची रांग थांबते. गाईचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे मागचा थोडा भाग सोडला तर ती जवळजवळ चहूकडे बघते. पण खोली तिला चटकन कळत नाही. उजेड-अंधाराचा मेळ बिघडला, काही फडफडलं, की ती डोकं खाली घालून नीट बघेपर्यंत हलत नाही. कोटाचा मालक त्या वेळी बहुधा पलीकडे उभा राहून जनावरांच्या नावाने ओरडत असतो.

‘लाल घालून बैलासमोर जाऊ नको’ हे आपल्याकडेही सगळे सांगतात. बैलाला बिचाऱ्याला लाल रंग लाल असा दिसतच नाही. स्पेनमधल्या रिंगणात तो धावतो तो फडफडणाऱ्या कापडावर. कुत्र्यालाही निळा आणि पिवळा बरा कळतो, तांबडा मातकट होऊन जातो. म्हणजे रंगाचा विचार करायचाच तर पहिल्या परीक्षकापुरता करावा. किंवा धुलाईपुरता. काळ्या पँटवर पांढऱ्या कुत्र्याचे केस दिसतात, पांढऱ्या शर्टावर काळ्या मांजराचे, आणि नायलॉनवर दोघांचेही चिकटून बसतात. या धंद्यातले जुने लोक राखाडी रंगाकडे झुकलेले असतात ते वैराग्यामुळे नव्हे.

दुसऱ्या परीक्षकाला सलते ती हालचाल आणि आवाज. बांगड्यांचा, पैंजणांचा, चालताना सळसळणाऱ्या विंडचीटरचा. लोंबते कानातले पोपटाला आणि माकडाला आयतेच सापडतात. टाय म्हणजे तर माणसाने आपल्या हाताने गळ्यात बांधून घेतलेलं दावं. जनावराला फक्त ओढायचं काम उरतं. मंगळसूत्र आत घालावं, केस बांधावेत, मोबाईल वरच्या खिशात ठेवू नये, कारण पहिल्यांदा वाकलं की तो पाण्याच्या पिपात. आणि खास पुण्याची म्हणून एक गोष्ट. दुचाकीवरून येणारी मुलगी डोळे सोडून सगळा चेहरा ओढणीत गुंडाळते, वर गॉगल, वर हेल्मेट, हातांना लांब मोजे, अंगात सनकोट. उन्हापासून हे सगळं ठीकच. पण याच थाटात ती फाटकातून आत आली तर निवाऱ्यातली कुत्री अख्खा परिसर डोक्यावर घेतात. त्यांच्या दृष्टीने हा डोकं नसलेला, चेहरा नसलेला कोणी प्राणी आहे. मुलाखत तिथेच, पार्किंगमध्ये सुरू झालेली असते.

खरं तर जनावरांत वावरण्याचे कपडे कसे असावेत, हे आपल्या गोठ्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं. मुलाखती नव्हत्या एवढंच. नऊवारीचा काष्टा मारून बाई म्हशीखाली धार काढायला बसते तेव्हा कापडाचा एक काठही शेणात लोळत नाही. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी त्याच्याच मेंढरांच्या लोकरीची असते. ती पावसात भिजली की माणूस आणि कळप यांच्या वासात फारसा फरक उरत नाही. आणि वर्षातून एक दिवस असा येतो की नटण्याची पाळी जनावरावर येते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतात. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. मालकही नवं धोतर नेसतो, पण त्या दिवशी त्याच्याकडे कोणी बघत नाही. बैलाला त्या झुलीचं काय वाटतं हे सांगणं कठीण. माश्या हाकलायला शेपूट मारताना ती आड येते एवढं मात्र दिसतं.

त्याच गोठ्यात कपड्यांचा दुसराही एक प्रकार होता, बघवणार नाही असा. म्हशीचं रेडकू मेलं की ती पान्हा सोडत नाही. मग त्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यासमोर ठेवत. ती त्याला चाटते, हुंगते, आणि दूध उतरतं. पाय नाहीत, डोळे नाहीत, आवाज नाही. ओळखीचं कातडं तेवढं आहे. मेंढपाळ हेच जगभर उलट्या दिशेने करतात. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं की मेंढी त्याला आपलं म्हणून पाजते. वेश पाहून माणसं फसतात असं आपण म्हणतो. इथे वेश हुंगून आई फसते.

ही युक्ती आता मोठमोठ्या प्रकल्पांपर्यंत गेली आहे. उत्तर अमेरिकेतले ‘हूपिंग क्रेन’ जातीचे क्रौंच १९४१च्या सुमारास रानात जेमतेम वीसएक उरले होते. त्यांची पिल्लं माणसांच्या हातून वाढवायची, पण त्यांना माणसाचा लळा लागू द्यायचा नाही, म्हणून सांभाळणारे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा ढगळ झगा घालतात. एका हातात क्रौंचाच्या डोक्याची कठपुतळी असते. तिच्या चोचीने खाणं दाखवायचं. झगा अंगात असेपर्यंत बोलायचं नाही. २००१ साली अशाच पिल्लांना छोट्या विमानामागून विस्कॉन्सिनपासून फ्लोरिडापर्यंत स्थलांतराची वाट शिकवली गेली, विमान चालवणारा त्याच झग्यात. चीनमध्ये वोलाँगला पांडाची पिल्लं जंगलात सोडण्यासाठी तयार करतात तिथले कर्मचारी पांडाचा पोशाख चढवतात, आणि त्याला पांडाच्या मुताचा आणि विष्ठेचा वास दिलेला असतो. अशा नोकरीला मुलाखतीत कोणी इस्त्री बघत असेल असं वाटत नाही.

मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे. १८८६ साली परळलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तेव्हाचं शहर घोड्यांच्या ट्रामचं आणि बैलगाड्यांचं, आताचं पाळीव कुत्र्या-मांजरांचं. या दवाखान्यांतून डॉक्टरचा पांढरा कोट आला आणि रुजला. माणसाला त्याचा धीर वाटतो. मांजराला वाटेलच असं नाही. दवाखान्यात नुसतं आणून टेबलावर ठेवल्यानेही मांजराचा रक्तदाब चढतो, हे पशुवैद्यांना मोजून माहीत आहे. कोट, टेबल, फिनेल, शेजारच्या पिंजऱ्यातलं कुत्रं, यांतलं नेमकं कशाने, ते मांजर सांगत नाही. जनावरांची भीती कमी करण्याचा विचार करणारे काही पशुवैद्य आता कडक पांढऱ्याऐवजी फिकट, मऊ रंगांचे कपडे वापरा म्हणून सांगतात.

हेमलकशाला हा प्रश्न निराळ्याच रीतीने सुटला. १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. भोवतालच्या माडिया माणसांच्या अंगावर पुरेसं कापड नाही हे बघून प्रकाश आमटे यांनी आपले कपडे कमी केले. अर्धी चड्डी आणि पांढरी बनियन हाच वर्षानुवर्षांचा वेश झाला. त्यात जनावरांचा काही विचार नव्हता. पण त्याच वेशात ते बिबट्याशी खेळताना, अस्वलाला जवळ घेताना दिसतात, आणि ओढायला, अडकायला, फडफडायला त्या अंगावर काही नाही हे लक्षात येतं. मुलाखतीला असं जायचा सल्ला मात्र कोणी देणार नाही.

दोन्ही परीक्षकांना न दिसणारा तिसराही एक असतो. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशात पहिल्यांदाच, तेव्हा वर्तमानपत्रांतून जे फोटो आले त्यांत कोंबड्यांपेक्षा माणसंच परकी वाटत होती. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे सूट, चष्मे, मास्क. ते कपडे ना माणसाला दाखवायला होते ना कोंबडीला; विषाणूसाठी होते. निवाऱ्यात एवढं नसतं, पण कुत्र्यांच्या पार्व्हो रोगाचा विषाणू बुटाच्या तळव्याला चिकटून आला तर महिनोन् महिने फरशीवर टिकतो आणि पिल्लं पटापट जातात. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांच्या दाराशी पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी-जांभळ्या पाण्याचा उथळ हौद असतो तो याचसाठी. बूट बुडवून आत जायचं. आदल्या रात्री चेरी ब्लॉसमने चकचकीत केलेले चामड्याचे बूट त्या पाण्यातून एकदा गेले की पालिश आणि उमेदवार दोघांचेही चेहरे उतरतात. म्हणून अनुभवी माणसं वर काहीही चालवून घेतात, बूट मात्र धुता येणारे, बंद, तळवा न घसरणारे घालून येतात. जाणता परीक्षकही आधी खालीच बघतो.

अखेर त्या धाकटीने काय घातलं? तडजोड. राखाडी सुती कुर्ता, गुडघ्यापर्यंतचाच, बाह्या कोपराच्या वर सरकतील अशा. खाली जाड जीन्स, कॅनव्हासचे जुने पण धुतलेले बूट, केसांचा घट्ट अंबाडा. ओढणी नाही. आईसाठी म्हणून कुर्त्याला इस्त्री.

टेबलामागच्या बाईंनी नाव, शिक्षण, पूर्वीचा अनुभव विचारला. कुत्रा चावला तर काय कराल, हेही विचारलं. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, मग लस, हे तिने बरोबर सांगितलं. मग सगळ्या मुलाखतींत शेवटी येतो तो प्रश्न आला: तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?

बहुतेक उमेदवार इथे पगार किंवा सुट्ट्या विचारतात, नाहीतर काही नाही म्हणतात.

“इथले कपडे इथेच धुवायची सोय आहे का? घरी भाच्याचं दोन महिन्यांचं पिल्लू आहे, लस अजून पूर्ण नाही झालेली.”

बाईंनी फॉर्मवरून पहिल्यांदा मान वर केली. “मशीन आहे,” त्या म्हणाल्या. “बंद पडलंय. मेकॅनिक शुक्रवारी येतो म्हणालाय, आला तर. तोवर बादली आहे मागे, पण पिंजऱ्यांची वेगळी आणि आपली वेगळी. चला, दाखवते.”